पाचोळ्याचं पोतं: शहरभरच्या ग्रुपवरून की शेजाऱ्यांकडून?

गच्चीवरच्या चार कुंड्यांच्या वीस झाल्या की पैसे रोपांवर जात नाहीत, माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खतावर जातात. हा माल फुकट मिळवायचे दोन मार्ग मी तीन वर्षं चालवून पाहिले: पुण्यातल्या बागवेड्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि आमच्याच इमारतीतली माणसं.

ग्रुपला मी नावं ठेवणार नाही. पांढऱ्या गोकर्णाचं बी, अनंताची फांदी, गांडुळं, असलं काही हवं असेल तर तिथेच मिळतं. रंगाच्या रिकाम्या २० लिटरच्या बादल्याही मला तिथेच मिळाल्या. पाचोळा जाळायचा नसतो, खतासाठी मागून न्यायचा असतो, हे पुणेकरांना ‘ब्राउन लीफ’सारख्या उपक्रमाने शिकवलं. (२०१६ च्या हरित लवादाच्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळला तर किमान ५,००० रुपये दंड आहे, तरी आमच्या गल्लीत अजून धूर दिसतो.) मी ज्या ग्रुपात होतो तो मात्र निराळा.

तिथे एकदा ‘दोन पोती पानं, घेऊन जा’ असं वाचलं. कोथरूडहून सिंहगड रोडला स्कूटरवर गेलो, पोती पायाशी कोंबून आणली. उघडली तर पार्किंग झाडलेला सगळा ऐवज: गुटख्याच्या पुड्या, चॉकलेटचे कागद, थर्माकोलचा भुगा. संध्याकाळभर निवडत बसलो. तरी पुढच्या पावसाळ्यात वांग्याच्या कुंडीत चंदेरी चिंध्या वर आल्याच. देणाऱ्याला काय बोलणार? फुकट दिलेलं, आणि माणूस पुन्हा भेटणारही नाही.

माझा कौल त्या चिंध्यांनी ठरवला. इमारतीत झाडलोट करणाऱ्या मावशींना एवढंच सांगितलं, की पानं वेगळी ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दारातला पर्जन्यवृक्ष पानं गाळतो. त्याची पानं बारीक, लवकर कुजतात. आंब्याची जाड पानं मात्र महिनोन्महिने तशीच राहतात. खत सुरू करायला लागणारं विरजण, म्हणजे अर्धं तयार झालेलं खत, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी डबाभर दिलं. दह्याचं विरजण मागावं तितक्या सहज मागितलं होतं. गवती चहाचा ठोंब, हळदीचे कंद, कढीपत्त्याच्या मुळाला फुटलेलं रोप असंच आलं.

शेजाऱ्यांचाही त्रास आहेच. काकू येता-जाता माझी जास्वंद कशी छाटायला हवी होती ते सांगतात, आणि कढीपत्ता कोण तोडून नेतं हे विचारायची आता सोय नाही.

इमारतीत कुणालाच झाडांची आवड नसेल तर ग्रुपवाचून गत्यंतर नाही, हे मान्य. पण फेब्रुवारी उजाडला की आधी तुमच्या मावशींना विचारून बघा, झाडलेली पानं त्या टाकतात कुठे.