जुन्या गाडीतील बिघाड शोधताना : स्कॅनर, मल्टीमीटर की गॅरेज?

पंधरा-वीस वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी सकाळी सेल्फ मारूनही उठत नाही, किंवा सिग्नलला उभी असताना मिसिंग करते, तेव्हा मालकापुढे तीन वाटा असतात : मोबाइलला जोडला जाणारा ब्लूटूथ स्कॅनर घेणे, मल्टीमीटर (व्होल्ट व करंट मोजणारा मीटर) आणि टेस्ट लॅम्प (वायरीत करंट येतो का हे दाखवणारा छोटा दिवा) घेऊन स्वतः वायरिंग तपासणे, अथवा गाडी सरळ गॅरेजमध्ये सोडणे. साध्या प्रतीचा स्कॅनर आणि साधा मीटर यांच्या किमतींत फारसा फरक नसल्यामुळे निवड पैशांवर न ठरता गाडीच्या वयावर ठरते. गाडी २०१० पूर्वीची असेल, तर आधी मीटर घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

स्कॅनरचा सगळा भर गाडीच्या ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकावर, असतो. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना समान पद्धतीचे निदान-सॉकेट सक्तीचे झाले. भारतात मात्र ही सक्ती बीएस-४ या प्रदूषण-नियमांबरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली आणि तिचा दुसरा, अधिक कडक टप्पा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्यामुळे त्याआधीच्या अनेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट दिसते, स्कॅनर त्यात बसतो, त्याचा दिवाही लागतो (सोळाव्या पिनेला बॅटरीचा करंट थेट येतो, एवढेच त्याचे कारण), पण ईसीयू कंपनीच्या खास भाषेत बोलत असल्यामुळे अ‍ॅप जोडले जात नाही. १९८३ साली बाजारात आलेल्या मारुती ८०० सारख्या कार्बोरेटरच्या गाडीत तर ईसीयूच नसतो, तेव्हा तिथे स्कॅनरचा प्रश्नच उद्भवत नाही.

जिथे स्कॅनर जोडला जातो, तिथेही कोडपेक्षा (ईसीयूने नोंदवलेल्या बिघाडाच्या क्रमांकापेक्षा) चालू इंजिनाचे आकडे अधिक उपयोगी पडतात. पी०१७१ हा कोड हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचे सांगतो, पण हवेचा पाइप तडकला आहे की पंप थकला आहे, हे सांगत नाही. फ्यूएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो याचा, आकडा आयडलिंगला बराच वर जाऊन २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर कुठून तरी जादा हवा शिरत असण्याचा संभव असतो. उलट इंजिनावर ताण येताच तो वाढत असेल, तर पेट्रोलच्या पुरवठ्याकडे पाहावे.

मल्टीमीटरला गाडीचे वय आड येत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट मिळाले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२ च्या आसपास मिळाले तर बरीच उतरलेली आहे, आणि सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरीवर संशय घ्यावा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले नाहीत, तर ज्याला गॅरेजमध्ये अजूनही डायनामोच म्हणतात, त्या अल्टरनेटरकडे वळावे.

खरी किमया मात्र व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत किंवा जोडात वाया जाणारे व्होल्ट, मोजण्यात आहे. माझ्या २००७ सालच्या गाडीत दिवे आणि ब्लोअर एकदम लावले की आयडलिंग अडखळत असे. स्कॅनरने थ्रॉटल सेन्सरचा कोड दाखवला, मिस्त्रींनी सेन्सर बदलला आणि आठवड्याभरात तोच कोड परत आला. शेवटी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर व दुसरी इंजिनाच्या धातूवर टेकवून घरच्यांना सेल्फ मारायला सांगितले, तेव्हा ०.९ व्होल्ट दिसले, जे खरे तर ०.२ च्या आत असायला हवे होते. बॅटरीच्या ट्रेखाली अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट हिरवट भुकटीने माखला होता. तो काढून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळल्यावर आकडा ०.१ वर आला आणि कोड पुन्हा दिसला नाही. कोकणात किंवा किनारपट्टीवर गाडी फिरत असेल, तर हा बोल्ट सर्वांत आधी पाहावा.

मीटरबरोबर टेस्ट लॅम्पही का घ्यावा, याचे एक कारण आहे. तुटत आलेल्या वायरीत एकच तार शिल्लक असली, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही; लॅम्प करंट ओढतो आणि लगेच मंद पेटून खोटेपणा उघड करतो. याच कारणाने तो ईसीयूच्या आणि एअरबॅगच्या वायरींना कधीही लावू नये. रात्रीत बॅटरी उतरत असेल, तर सर्व बंद करून, थोडा वेळ थांबून मीटर निगेटिव्ह वायरीशी सिरीजमध्ये (सगळा करंट मीटरमधूनच जाईल असा) जोडावा. ५० मिलीअँपिअरपेक्षा जास्त करंट जात असल्यास एकेक फ्यूज काढत चोर सापडतो. मात्र या जोडणीत चुकूनही सेल्फ मारू नये, अन्यथा मीटरचाच फ्यूज उडतो.

गॅरेजची जागा ही दोन्ही साधने घेऊ शकत नाहीत ती इंजिनाच्या झिजेच्या बाबतीत. करंट येतो, पेट्रोल येते, तरीही एक सिलिंडर काम करत नाही, अशा वेळी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे साधन) लावूनच उत्तर मिळते. कमी आकडा दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये मिस्त्रींना चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगावे आणि शक्यतो समोर उभे राहून पाहावे : आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटसाठी हेड उघडावे लागेल, आणि या दोन कामांच्या खर्चात बराच फरक पडतो.