पाचशे साठ रुपयांची ध्येयवही आणि सहाची फेरीबोट

आधी हिशेब सांगते, कारण तोच माझा धंदा. वहीवर छापील किंमत 699 रुपये. पणजीत अठरा जून रस्त्यावरच्या दुकानात मार्चमध्ये घेतली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "बाई, जानेवारी गेला, आता ह्या वह्या कोण घेत नाय. वीस टक्के सोडतो." 560 ला मिळाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ह्याच घाटाच्या 'गोल प्लॅनर', म्हणजे ध्येयं लिहायच्या डायऱ्या चार-पाच कंपन्या काढतात, आतली पानं थोड्याफार फरकाने सारखीच. नऊ महिने वापरून झाल्यावर लिहिते आहे. विकत घेतल्याच्या संध्याकाळी पाच तारे देऊन मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही.

मी राहते दिवाडीला, मांडवी नदीतल्या बेटावर. माहेर सावंतवाडी, लग्न होऊन बेटावर आले त्याला 19 वर्षं झाली. नोकरी पणजीत, एका शाळेच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. म्हणजे रोज जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून जाऊन-येऊन दोन वेळा फेरीबोट. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तरी साडेनऊ हजार वेळा मांडवी ओलांडली आणि पोहता येत नाही. मागच्या वर्षी एकदा बोटीत उभी असताना वर टांगलेल्या केशरी लाईफजॅकेटांकडे बघत होते, तेव्हा हा आकडा पहिल्यांदा मनात आला. पोहायला शिकायचं, त्या दिवशी ठरलं. ठरलं म्हणजे काय, नुसतं मनात आलं. पुढचे आठ महिने काहीच केलं नाही. म्हणून ही वही.

पाडवा 30 मार्चला होता. मार्च-एंडिंगच्या धबडग्यात दुपारी तासभर काढून वही उघडली. पहिल्याच पानावर एक चक्र, त्याचे दहा भाग: आरोग्य, पैसा, नाती, अध्यात्म, छंद, असं बरंच. प्रत्येकात एक ध्येय लिहायचं. माझ्या आयुष्याची दहा खाती आहेत हे मला तेव्हाच कळलं. रिकामी जागा दिसली की भरायची, ही आमची सवय. दहाही भरली. रोज आठ ग्लास पाणी, पोर्तुगीज शिकणे, महिन्याला एक पुस्तक, रागावणे कमी करणे. मे संपेपर्यंत नऊ खाती बंद पडली. उरलं एक: न थांबता 25 मीटर पोहणे.

नंतरचं 'व्हिजन बोर्ड'चं पान, स्टिकर, रोज तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता, ह्यावर वेळ घालवत नाही. स्टिकर जूनमध्ये आपोआप सुटले.

वहीचा खरा घोळ आहे सवयीच्या तक्त्यात. प्रत्येक ध्येयाला 21 चौकोन, खाली छापलंय की 21 दिवस सलग केलंत की सवय लागते. आमच्या पोहण्याची बॅच सोमवार, बुधवार, शुक्रवार. सलग 21 दिवस होणार कसे? पहिल्याच आठवड्यात माझी साखळी चार वेळा तुटली, आणि मी तर एकही दिवस चुकवला नव्हता! मुलगी बी.ए.ला मानसशास्त्र घेऊन शिकते, तिला दाखवलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, "आई, हे 21 कुठून आलं माहीत आहे? मॅक्सवेल माल्ट्झ म्हणून अमेरिकेतला प्लास्टिक सर्जन होता. ऑपरेशननंतर पेशंटना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात, असं त्याने 1960 मध्ये लिहिलं. त्यातलं 'निदान' लोकांनी गाळलं आणि चेहराही गाळला." लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लाली यांनी 96 जणांवर खरोखर अभ्यास केला. तो 2010 चा. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस निघाले, कुणाला 18 तर कुणाला 254 लागतील असा हिशेब. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आहे. वही छापणाऱ्याने निदान ते तरी वाचायचं होतं. एक चौकोन रिकामा राहिला की पुन्हा एकपासून सुरुवात करा, असं ही वही सांगते. आमच्या शाळेत एक खाडा झाला म्हणून मुलाला पुन्हा पहिलीत बसवत नाहीत.

दुसरी तक्रार 'आजची प्रगती' ह्या रकान्याची. 2 एप्रिलला बॅच सुरू झाली. बायकांच्या बॅचमध्ये आम्ही पाच जणी, त्यात वयाने मीच मोठी. पहिले दोन आठवडे काय केलं? काठाची दांडी धरून तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातोंडाने बुडबुडे सोडायचे. शेजारच्या पट्ट्यात सुट्टीच्या शिबिराची सात-आठ वर्षांची पोरं सटासट उड्या मारत होती. घरी येऊन वहीत लिहायचं, आज किती मीटर: 0. पुन्हा 0. पुन्हा 0. सहावं शून्य लिहिलं त्या दिवशी वही कपाटात ढकलून दिली होती.

तिथेही मुलगीच धावून आली. ध्येयांवर आयुष्यभर काम केलेले दोन मानसशास्त्रज्ञ, एडविन लॉक आणि गॅरी लॅथम. 'जमेल तेवढं करा' यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय ठेवलं तर माणूस जास्त करतो, हे त्यांचं मुख्य म्हणणं. अशा वह्या ते वाक्य हमखास उचलतात. पण काम अगदी नवीन आणि गुंतागुंतीचं असेल तर आधी आकड्याचं नव्हे, शिकण्याचं ध्येय ठेवावं, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलंय, ते मात्र वहीत नाही. मी 'मीटर' खोडून 'काय जमलं' केलं. मग पानं भरायला लागली. 'श्वास पूर्ण पाण्यात सोडला.' 'डोकं वर न काढता पाच लाथा.' 7 मेला लिहिलंय: 'तरंगले. अकरा आकडे मोजेपर्यंत.' पाठीखाली कुणाचा हात नाही आणि कानात पाणी शिरून बाहेरचा आवाज बंद होतो, ते अकरा आकडे मला अजून आठवतात.

आता चांगलं. चौदाव्या पानावर खाली, जवळजवळ लपवल्यासारखी, एक ओळ आहे: 'जर ______ झालं, तर मी ______ करीन.' पूर्ण वहीत ही एक ओळ पैसे वसूल करते. पीटर गोलविट्झर ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1999 च्या लेखात हेच मांडलंय, की नुसत्या इराद्यापेक्षा 'अमुक प्रसंग आला की तमुक करायचं' हे आधी ठरवलेलं जास्त पार पडतं. माझी अडचण एकच होती. सातच्या बॅचला सहाची बोट लागते. ती चुकली की मी धक्क्यावरून स्कूटर वळवून घरी, 'आजचं गेलंच'. मी लिहिलं: 'जर सहाची बोट चुकली, तर घरी वळायचं नाही. पुढच्या बोटीने जायचं, वीस मिनिटं मिळाली तरी पाण्यात उतरायचं.' अशी सतरा वेळा गेले. दोनदा तर फक्त बारा मिनिटं मिळाली. पोहायला शिकवणारे सर बघत, पण काही बोलत नसत.

पावसाळ्यात वहीचं काय झालं ते गोव्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. जुलैत कव्हरवर बुरशीची हिरवट साय, कडा फुगल्या, जेल पेन पलीकडच्या पानावर फुटायला लागलं. इलॅस्टिक आधीच सैल. ही वस्तू कोरड्या हवेत बसून कुणीतरी बनवली आहे. तिच्यात चतुर्थीही नाही. बोंदेराची, म्हणजे आमच्या बेटावरच्या झेंड्यांच्या उत्सवाची गर्दी 23 ऑगस्टला, लगेच 27 ला गणपती, माझे बारा दिवस गेले. नोव्हेंबरात सेंट झेवियरच्या फेस्ताच्या नोव्हेना, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना, 3 डिसेंबरपर्यंत जुन्या गोव्याच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. 'ह्या महिन्यात अडथळे कोणते' असं एक साधं पान प्रत्येक महिन्याआधी असतं तर मी आनंदाने 699 दिले असते.

ऑगस्टपासून मी खुणा भिंतीवरच्या कालनिर्णयावर करते. दुधाच्या लिटरांशेजारी निळी फुली. एप्रिल ते 12 डिसेंबर, बॅचचे एकूण दिवस 110, माझ्या फुल्या 71. साडेचौसष्ट टक्के, शाळेच्या हिशेबात पहिला वर्ग. वहीच्या हिशेबात नापास.

12 तारखेला शुक्रवारी 25 मीटर झाले. शेवटचे चार-पाच मीटर पोहणं म्हणावं असं नव्हतं, झटापट होती. घरी सासूबाईंना सांगितलं. एप्रिलमध्ये ह्याच म्हणाल्या होत्या, "ह्या पिरायेर उदकांत कित्याक वता गो?" म्हणजे ह्या वयात पाण्यात कशाला जातेस? आता विचारलं, "मागीर, परतून येवंक जाता?" नाही, परत येता येत नाही अजून. तिकडच्या काठाला धरून दम घ्यावा लागतो.

तर, पाचपैकी दोन तारे. एक त्या चौदाव्या पानाला, एक तारखा छापलेल्या नाहीत म्हणून. कधीही सुरू करता येते. घ्यायचीच असेल तर मार्चनंतर घ्या, सूट मिळते. नाहीतर ती एक ओळ पाठकोऱ्या कागदावर लिहून फ्रिजवर लावा. कृतज्ञतेची कोरी पानं सासूबाईंनी घेतली आहेत. पहिल्या पानावर ह्या वर्षीच्या माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांची यादी आहे: नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंजन, आंबाडे, केळ्यांचा घड, आणि कोणाकडून काय उसनं आणलं ते.