कार्बोरेटरची मारुती ८०० रिच चालतेय: प्लग बघून ठरवावं की गॅस मशीनवर?

सायलेन्सरमधून काळा धूर, घसरलेलं अ‍ॅव्हरेज, उभ्या गाडीला पेट्रोलचा वास. एमपीएफआयच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या पेट्रोल इंजेक्शनच्या) आधीच्या ८०० मध्ये ही लक्षणं दिसली की गॅरेजमध्ये लगेच कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उतरवायची भाषा सुरू होते. इतक्यात उतरवू देऊ नका. मिश्रण खरंच रिच (हवेच्या मानानं पेट्रोल जास्त) आहे का, आणि कधी रिच होतंय, हे कळायचे दोन मार्ग आहेत. स्पार्क प्लग काढून बघणं हा एक, आणि पीयूसीवाल्याच्या गॅस मशीनवर आकडे घेणं हा दुसरा.

प्लग पान्याशिवाय काही मागत नाहीत. तिन्ही काढा आणि सिलिंडरच्या क्रमानं कागदावर ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. बोटाला लागणारी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओलसर, चिकट काळं दिसलं तर बहुतेक ऑइल जळतंय, आणि तो खर्च रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचा, कार्बोरेटरचा नव्हे. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तिघांमधला फरक. कार्बोरेटर एकच, त्यामुळे मिश्रण बिघडलं तर तिन्ही काळे पडतात. एकटाच काळा असेल तर त्या सिलिंडरचा प्लग, वायर, कॉम्प्रेशन तपासा. गॅस मशीनला हे कळत नाही, कारण तिन्हींचा धूर एकाच नळीतून येतो.

प्लगची उणीव अशी की ते मागच्या प्रवासाची हकिगत सांगतात. ट्रॅफिकमध्ये तासभर रखडलेल्या चांगल्या गाडीचेही प्लग काळपट दिसतात. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवून, इंजिन आयडलवर (उभ्या गाडीत, पेडल न दाबता) रेंगाळू न देता बंद करावं आणि गार झाल्यावर प्लग काढावेत. घाटमाथ्यावरून परत आल्या आल्या बघू नका. महाबळेश्वरच्या विरळ हवेत कार्बोरेटर आपोआप थोडा रिच होतो.

गॅस मशीन आत्ताचं सांगतं, आणि आकड्यात. भारत स्टेजच्या (प्रदूषणाच्या सरकारी निकषांच्या) आधीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम. नुसतं ‘पास’ ऐकून निघू नका, आकडा विचारा: २.८ला गाडी पास होते, पण रिचच असते. मोनॉक्साइड जास्त म्हणजे रिच. तो ठीक असून हायड्रोकार्बन चढलं असेल तर बऱ्याचदा मिसफायर असतो, म्हणजे पेट्रोल नीट न पेटता बाहेर पडतं.

आयडलच्या आकड्यावर मात्र थांबू नका. अ‍ॅक्सिलरेटर अंदाजे अडीच हजार आरपीएमवर धरून पुन्हा आकडा घ्यायला सांगा. आयडलला जास्त आणि वर उतरत असेल तर दोष आयडल सर्किट (आयडलला पेट्रोल देणारी वाट) किंवा तिथलं मिश्रण ठरवणाऱ्या मिक्श्चर स्क्रूकडे. दोन्हीकडे जास्त असेल तर चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी पट्टी), फ्लोट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग), एअर फिल्टर किंवा मेन जेटकडे (पेट्रोलचं मुख्य भोक). हा भेद प्लग करू शकत नाहीत. पण सायलेन्सर फुटका असेल तर हवा मिसळून आकडा खोटा कमी येतो. आणि मुंबईत १९९५पासून विकलेल्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू जाळणारा डबा) आहे. तो चालू असेल तर मोनॉक्साइड जाळून दोष झाकतो, तिथे प्लगवरच भरवसा ठेवावा.

माझं मत: घरी आधी प्लग, मग मशीन. मशीनवर जाण्यापूर्वी एअर क्लीनरचं झाकण काढून चोकची नॉब आत ढकला. आतली पट्टी पूर्ण उभी राहत नसेल तर केबल अडकलीय, आणि पैसे न मोजता दोष सापडला. फिल्टर काळाकुट्ट असेल तर तो बदलूनच आकडा घ्या. त्यानंतरही दोन्ही वेगांना आकडा चढा राहिला आणि तिन्ही प्लग काळे असतील, तरच कार्बोरेटर उतरवा. तेव्हा फ्लोटची नीडल (पेट्रोल आत येणं बंद करणारी सुई) गळतेय का हे सगळ्यात आधी बघायला सांगा.

कुणी फक्त मिक्श्चर स्क्रू आवळून आयडलचा आकडा खाली आणून दिला, तर गाडी घेऊ नका. तो स्क्रू आयडलपुरताच आहे. रस्त्यावर गाडी तेवढंच पेट्रोल पीत राहील, आणि वर सिग्नलला बंद पडेल.