एका छत्रीवर तीन टीव्ही: साताऱ्यातील एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

शाहूपुरीतील आमच्या दुमजली घरात तीन टीव्ही आहेत आणि गच्चीवर डीडी फ्री डिशची एकच छत्री आहे. आई-वडिलांना सह्याद्री वाहिनी, धाकट्या भावाच्या मुलांना कार्टून आणि दिवाणखान्यात बातम्या एकाच वेळी पाहता याव्यात, यासाठी आम्ही उन्हाळ्यात या छत्रीचा सिग्नल स्प्लिटरने तिन्हीकडे वाटला. प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र सेट-टॉप बॉक्स आहे. पूर्ण पावसाळा पाहून झाल्यावरच त्याविषयी लिहावे, असे ठरवले होते.

एवढी साधी जोडणी चालते, याचे कारण फ्री डिशच्या रचनेत आहे. ही सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ उपग्रहावरून येते आणि तिच्या वाहिन्या एकाच, म्हणजे उभ्या ध्रुवीकरणात (लहरींच्या कंपनाच्या दिशेत) आहेत. सेट-टॉप बॉक्स एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला, १३ व्होल्ट देतो तेव्हा उभे ध्रुवीकरण निवडले जाते आणि १८ व्होल्ट देतो तेव्हा आडवे. आपल्याकडे तिन्ही बॉक्स कायम १३ व्होल्टच देतात, त्यामुळे एकाने वाहिनी बदलली तरी दुसऱ्याच्या चित्राला धक्का लागत नाही. ज्या सेवेच्या वाहिन्या दोन्ही ध्रुवीकरणांत विभागलेल्या असतात, तेथे हा उपाय उपयोगी नाही; तेथे अनेक तोंडांची एलएनबी किंवा मल्टिस्विच घ्यावा लागतो.

स्प्लिटर निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. केबल टीव्हीचा नेहमीचा स्प्लिटर साधारण १००० मेगाहर्ट्झपर्यंतच्या कामासाठी असतो, तर एलएनबीतून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतो. म्हणून डिशसाठीचाच स्प्लिटर मागून घ्यावा. दुसरे असे की, काही स्प्लिटरच्या एकाच तोंडातून एलएनबीकडे वीज जाते. तसा स्प्लिटर लावला आणि त्या तोंडावरचा बॉक्स मुख्य बटणापासून बंद केला, तर घरातले बाकीचे टीव्हीही बंद पडतात. वडील रात्री झोपताना बटण न चुकता बंद करतात, त्यामुळे आम्ही सर्व तोंडांतून वीज जाणारा स्प्लिटर घेतला. त्याला चार तोंडे आहेत. रिकाम्या तोंडावर ७५ ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल परत फिरू न देणारे टोपण, बसवला आहे.

वाटणीमुळे सिग्नल कमी होतो, हे खरे आहे. चार वाटे केले की हिशेबानेच ६ डेसिबल (सिग्नलच्या वाढ-घटीचे माप) जातात, प्रत्यक्षात त्याहून थोडे अधिक. डिशसाठी वापरल्या जाणाऱ्या आरजी-६ केबलमध्ये ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०० मीटरला साधारण २० ते ३० डेसिबल जातात. तरीही तळमजल्यावरचे चित्र वरच्या मजल्याइतकेच स्वच्छ आहे. बॉक्सच्या पडद्यावर स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात. स्प्लिटरनंतर पहिली खाली आली, दुसरी जवळपास होती तेथेच राहिली. एलएनबी मुळातच सिग्नल पुष्कळ वाढवून खाली पाठवते; त्यात गोंगाट किती मिसळलेला आहे, हे छत्रीपाशीच ठरून गेलेले असते. त्यामुळे लहान घरात वाटणीसाठी अ‍ॅम्प्लिफायर विकत घेण्याची गरज मला दिसत नाही. तेच श्रम छत्री अचूक वळवण्यावर खर्च करावेत. साताऱ्यातून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर आहे, त्यामुळे अजिंक्यताऱ्याचा डोंगरही आड येत नाही.

पावसाळ्यात किती टीव्ही एकदम बंद पडतात, यावरूनच दोष कोठे आहे ते कळले. जुलैत पावसाचा जोर वाढला की तिन्ही टीव्ही एकदमच थांबत आणि सर ओसरली की काही मिनिटांत आपोआप सुरू होत. डिशवर येणाऱ्या केयू बँडच्या लहरी दाट पावसात क्षीण होतात. त्यात वाटणीचा दोष नाही. ऑगस्टमध्ये मात्र फक्त भावाकडचे चित्र तुटू लागले, तेव्हा बिघाड त्याच्याच तारेत असणार हे उघड होते. गच्चीवरील एफ कनेक्टरमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या पेचाच्या जोडणीत, पाणी शिरून आतील तांबे हिरवे पडले होते. कनेक्टर बदलून त्यावर पाणीरोधक टेप गुंडाळली आणि केबलला खाली झोल दिला, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तेथूनच ठिबकते. स्प्लिटर सुरुवातीपासून जिन्यात छपराखाली होता, त्याला काहीही झाले नाही. विषुवदिनांच्या आसपास, सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे येतो त्या दिवसांत, सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे चित्र जाते. तेव्हा छत्रीला हात लावू नये.

मुसळधार पावसातील खंड कमी करायचा असेल, तर मोठी छत्री हाच खरा उपाय आहे. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री लावली की सुमारे साडेतीन डेसिबलचा लाभ होतो, आणि तो एकाच वेळी तिन्ही टीव्हींना मिळतो. येत्या मे महिन्यात आम्ही छत्री तेवढी बदलणार आहोत. स्प्लिटर आणि केबल आहेत तशाच राहतील.