लाल ताट, उंच काठ: सासूबाईंसाठी घेतलेल्या सेटचा वापरानंतरचा अनुभव

सासूबाईंना अल्झायमर आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्या अर्ध्या जेवणावरून उठायला लागल्या, ब्लाउज सैल पडायला लागले, तेव्हा हा सेट ऑनलाइन मागवला. उंच काठाचं लाल ताट, तसलीच वाटी, जाड मुठीचा वजनदार चमचा आणि दोन कानांचा कप. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. आता पावसाळा लागलाय, म्हणजे बरं-वाईट सांगण्याइतका वापर झालाय.

आधी ताट, कारण पैसे वसूल झाले ते त्यातच. या आजारात डोळे ठीक असले तरी फिकट रंगांमधला फरक मेंदूला नीट टिपता येत नाही. पांढऱ्या ताटातला दहीभात त्यांना दिसतच नाही म्हणा ना. बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा २००४ सालचा अभ्यास यावर प्रसिद्ध आहे. आजार बराच पुढे गेलेल्या रुग्णांना भडक लाल ताटं आणि पेले दिले, तर खाणं सरासरी २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. पुढे भडक निळ्यानेही काम झालं, फिकट रंगांनी नाही. रुग्ण पहिल्या वेळी नऊच होते, त्यामुळे ते आकडे मी काही देवघरात ठेवलेले नाहीत. पण आमच्या घरी फरक पडला, आणि तो पहिल्याच आठवड्यात दिसला.

आपल्याकडे पांढऱ्या ताटापेक्षा स्टीलच्या ताटाचा त्रास जास्त. वरची ट्यूबलाइट ताटात चमकते आणि आई त्या उजेडाकडेच बघत बसायच्या. मधे मेलामाइनचं एक ताट काढलं होतं, त्याच्या काठावर गुलाबाची नक्षी. ते गुलाब त्या नखाने उचलायला जायच्या, भात तसाच. तेव्हा कुठलंही ताट घ्या, पण एकरंगी आणि बिनचमकीचं घ्या.

उंच काठाचा खरा उपयोग हाताने जेवणाऱ्याला आहे. बोटांनी भात काठाशी रेटला की घास आपोआप जमतो, बाहेर सांडत नाही. कालवायलाही खोलगटपणा बरा पडतो. वजनदार चमचा मात्र आमच्याकडे फुकट गेला. जन्मभर हाताने जेवलेल्या बाईच्या हातात चमचा दिला की त्या तो वाटीत ठेवून देतात आणि हात पुसतात. घास करण्याची सवय बोटांत इतकी मुरलेली आहे की नातवाचं नाव गेलं तरी ती शाबूत आहे. हे सेट चमच्या-काट्याने जेवणाऱ्या घरांचा विचार करून बनतात, हे विकत घेताना लक्षात असू द्या.

आता रंगाची गोची. लाल ताटात भात, दही, घावन, इडली झकास दिसतात. पण टोमॅटोचं सार, बिटाची कोशिंबीर, तर्रीची उसळ? गायब. सॅन फ्रान्सिस्कोच्या शा याओ या डिझायनरने अल्झायमर झालेल्या आजीवरून जो सेट बनवला, त्यातल्या वाट्या आतून निळ्या आहेत. आपल्या स्वयंपाकात निळं काहीच नसतं, त्यामुळे पुढचं ताट मी निळंच घेणार. आमच्या या लाल ताटाच्या तळाला चिकटणारी रबरी कड आहे, ती गुळगुळीत टेबलावर घट्ट बसते. मेणकापडावर अजिबात नाही.

कपाबद्दल थोडं जपून. त्याच्या झाकणाला चोच आहे. गिळण्याच्या तक्रारी बघणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी ते झाकण काढूनच टाकायला सांगितलं, कारण चोचीतून पिताना मान मागे जाते आणि पाणी श्वासनलिकेत जायची भीती वाढते. हनुवटी किंचित खालीच हवी. बिनझाकणाचा कप पाण्याला चालतो. चहा मात्र आई अजून बशीतूनच पितात, फुंकर मारून. बशी पांढरी, चहा गडद. तिथे रंगाचा प्रश्न मुळातच नाही.

ताटाने जे सुटलं नाही तेही सांगते. पान वाढलं तरी आई हात लावायच्या नाहीत. दाराकडे बघत बसायच्या. आम्हाला वाटायचं भूक नाही. एकदा त्याच हळूच म्हणाल्या, “पुरुषांची पानं झाली का?” त्यांच्या माहेरी आणि सासरी बायका शेवटी बसायच्या, आणि हल्ली त्या बहुतेक वेळ त्याच काळात असतात. तेव्हापासून मी माझं ताट घेऊन समोर बसते आणि म्हणते, “झाली सगळ्यांची. आपण दोघीच राहिलोय, बसा आई.” मी पहिला घास घेतला की त्या घेतात. हे कुठल्या बॉक्समध्ये मिळत नाही.

तसंच सगळं एकदम वाढणं बंद केलं. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, मीठ असं भरलेलं पान बघून त्या गांगरतात, एकदा कोशिंबीर पाण्याच्या भांड्यात गेली. आता आधी मऊ वरणभात, तो संपला की भाजी. भाकरी आमटीत कुस्करून. पापड आणि कोरडे पोहे बंद, ठसका लागतो. टीव्हीही बंद, यावर घरात अजून कुरबुर चालू आहे.

धुण्याचं म्हणाल तर तारेच्या घासणीने पृष्ठभाग खरवडतो, कामवाल्या मावशींना स्पंज वेगळा दिलाय. मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. रबरी कडेला फोडणीचा वास बसतो, कोमट पाण्यात सोडा घालून भिजवलं की जातो.

घ्यावा का? माणूस समोरचं अन्न बघत नसेल, सांडत असेल, तर ताट आणि वाटी जरूर घ्या, सुटी मिळत असतील तर सुटीच. कवळी सैल झालीय का, मोतीबिंदू आहे का, हे त्याआधी बघा. पण घास गालात धरून ठेवणं, जेवताना खोकला, जेवल्यावर घशातून ओलसर घरघर असं काही असेल, तर ताटावर पैसे घालवू नका, आधी डॉक्टरांकडे जा. ताट पाच पैकी चार, वाटी तीन, कप झाकणाशिवाय तीन. चमचा सध्या मी पिठाच्या डब्यात ठेवलाय, तिथे तो छान चालतो.