नव्या ट्रक ड्रायव्हरची वैद्यकीय तपासणी: बेळगावातील एका केंद्राविषयी

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक भागातील फाउंड्र्यांमधून, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांमधून, निघालेले ओतीव भाग कोल्हापूर, पुणे आणि गोव्याकडे पोचवण्याचा आमचा लहानसा व्यवसाय आहे, आणि नव्या ड्रायव्हरच्या हाती गाडीची किल्ली देण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी आमच्या खर्चाने करून घ्यायची, असा आमचा नियम आहे. ही तपासणी आम्ही शहरातील ज्या खाजगी केंद्रात करून घेतो, त्याविषयी हे लिहीत आहे. गुणांबरोबर काही उणिवाही सांगायच्या असल्यामुळे केंद्राचे नाव देत नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील जे मालक नवी माणसे कामावर घेतात आणि जी मुले हेवी लायसनच्या तयारीत आहेत, त्यांना तपासणीत नेमके काय पाहून घ्यावे याचा अंदाज यावरून यावा, एवढी अपेक्षा आहे.

कायद्याची मागणी मुळात थोडकी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वाहतुकीचे वाहन चालवणारा किमान २० वर्षांचा असावा लागतो आणि त्याच्याकडे हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष असावा लागतो. आरोग्याच्या बाबतीत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील दोन कागद महत्त्वाचे आहेत: फॉर्म १, म्हणजे उमेदवाराने आपल्या प्रकृतीविषयी स्वतः करायची घोषणा, आणि फॉर्म १-ए, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरने तपासून द्यायचे प्रमाणपत्र. २०१९ च्या दुरुस्तीने वाहतूक परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली, त्यामुळे एकदा डॉक्टरचा शिक्का पडला की पाच वर्षे त्या माणसाला प्रकृतीविषयी सरकारी दारात कोणी काही विचारत नाही. त्याच वर्षी आठवी उत्तीर्ण असण्याची अटही निघाली. ती निघाली हे गरीब घरच्या मुलांसाठी चांगलेच झाले, पण फॉर्मवरील प्रश्न वाचून समजून सही करण्याची जबाबदारी मात्र तशीच राहिली.

आमच्या भागात खरी अडचण इथेच आहे. फॉर्म कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो, मुलगा येळ्ळूर किंवा कंग्राळीच्या मराठी शाळेत शिकलेला असतो, आणि एजंट पेन्सिलीने फुली मारून ‘इथे सही कर’ म्हणतो. सगळ्या आजारांपुढे ‘नाही’ आणि सगळ्या क्षमतांपुढे ‘होय’ असे आधीच लिहिलेले असते. काही ठिकाणी तर उमेदवार डॉक्टरसमोर उभाही न राहता फॉर्म १-ए तयार होऊन येतो, हे या धंद्यातील प्रत्येकाला माहीत आहे. न तपासता खोटे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत स्पष्ट म्हटले आहे. पण त्या भीतीने कोणाचा शिक्का थांबल्याचे मी पाहिलेले नाही.

या केंद्राचे वेगळेपण असे की येथील ज्येष्ठ डॉक्टर फॉर्म १ स्वतः हातात घेऊन त्यातील एकेक प्रश्न मराठीत विचारतात, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या प्रश्नाकडे जात नाहीत. पहिलाच प्रश्न फेफऱ्याचा, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचा वा घेरी येण्याचा आहे. या प्रश्नाला मुले उत्तर देत नाहीत, मान हलवतात. डॉक्टरांना ते चालत नाही. मी सोबत असताना त्यांनी एका मुलाला विचारले, “लहानपणी कधी फिट आली होती का रे?” तो आधी गप्प राहिला आणि मग म्हणाला, “आई सांगते, तापात एकदा आली होती.” “तेव्हा किती वर्षांचा होतास?” “शाळेत जात नव्हतो अजून, डॉक्टर.” त्यानंतर कधी शुद्ध गेली का, कोणती गोळी रोज चालू होती का, घरात आणखी कोणाला आकडी येते का, हे सगळे विचारून त्यांनी कागदावर लिहून घेतले. लहान वयात तापात आलेली फिट आणि फेफऱ्याचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला समजावून सांगितले आणि तरीही मेंदूविकाराच्या तज्ज्ञाचे पत्र आणायला लावले. पत्र आले आणि प्रमाणपत्र मिळाले. हीच गोष्ट त्याने दडवली असती आणि पुढे एखाद्या अपघातानंतर घरच्यांच्या तोंडून बाहेर आली असती, तर त्याच्या बाजूने बोलायला एकही कागद नसता. खोटी माहिती देऊन मिळवलेला परवाना रद्द करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ ने अधिकाऱ्यांना दिलेला आहे, आणि कलम ८ प्रमाणे गाडी चालवताना लोकांना धोका होईल असा आजार आढळल्यास शिकाऊ परवाना नाकारता येतो. मुलांना यातले नाकारणे तेवढे ऐकून माहीत असते, रद्द होणे माहीत नसते, आणि म्हणून लपवणेच फायद्याचे वाटते.

औषधांची चौकशी हा फॉर्ममध्ये नसलेला भाग येथे होतो, आणि माझ्या मते सगळ्या तपासणीत तोच सर्वांत मोलाचा आहे. येताना घरात असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन यायला सांगितले जाते. ‘मला साखर आहे’ एवढ्यावर डॉक्टर थांबत नाहीत, साखरेसाठी काय घेतोस हे विचारतात. एकट्या मेटफॉर्मिनने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण टळले, तर हात थरथरणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे प्रकार गाडी चालवताना होऊ शकतात. हत्तरगी टोलनाक्यापासून पुढे गाडी लांबच लांब रांगेत अडकली आणि दुपारचे जेवण संध्याकाळवर गेले, असे महामार्गावर नेहमीच घडते. अशा माणसाला गाडीतून बाद करण्याऐवजी केबिनमध्ये साखर आणि बिस्किटे ठेवणे, जेवणाची वेळ न चुकवणे आणि साखर मोजण्याचे यंत्र जवळ बाळगणे, असा लेखी सल्ला येथून मिळतो. सर्दीच्या गोळ्यांबद्दलही बजावले जाते. क्लोरफेनिरामिन असलेली साधी गोळी मेडिकलमधून कोणीही घेतो आणि रात्रीच्या खेपेला निघतो. तिने झोप येते हे पाकिटावर लिहिलेले असते, पण ते कोण वाचतो?

मालक म्हणून मला सुरुवातीला खटकणारा आणि पुढे पटलेला मुद्दा अहवालाचा आहे. तपासणीचे पैसे आम्ही भरतो, तरी पूर्ण अहवाल बंद पाकिटात ड्रायव्हरच्या हाती जातो. आमच्याकडे एक चिठ्ठी येते आणि तिच्यावर योग्य, चष्म्यासह योग्य, तात्पुरता अयोग्य किंवा अयोग्य यांपैकी एक शेरा असतो. रोगाचे नाव त्यात नसते. मी विचारले तेव्हा डॉक्टरांनी सौम्य शब्दांत सांगितले की रुग्णाची गोष्ट मालकाला सांगितली, तर पुढचा मुलगा त्यांना काहीच सांगणार नाही. पूर्वी नव्या ड्रायव्हरचा पहिला प्रश्न असे, “मालक, साखर निघाली तर गाडी देणार नाही काय?” चिठ्ठीवर काय येते हे एकदा कळल्यावर तो प्रश्न बंद झाला. ज्या मालकांना सगळा अहवाल हवा असतो, त्यांना हे केंद्र आवडणार नाही, आणि असे मालक आमच्याकडे कमी नाहीत.

डोळ्यांची तपासणी समाधानकारक आहे. नियमाप्रमाणे चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. डॉक्टरच्या खोलीत एवढी जागा कुठून असणार? म्हणून येथे उमेदवाराला बाहेर गल्लीत आणून, मोजून खुणा केलेल्या अंतरावर उभे करतात आणि समोरच्या गाडीची पाटी वाचायला लावतात. समोर केए २२ ची पाटी असो की एमएच ०९ ची, आकडे चुकले की पुन्हा आत जाऊन तक्ता वाचायचा. लाल-हिरव्या रंगासाठी इशिहाराच्या ठिपक्यांची चित्रे दाखवतात. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवाना देण्याची सोय २०२० मध्ये झाली आहे, हेही येथे सांगतात. अनेक ठिकाणी आजही चित्रातील आकडा चुकला की मुलाला परत पाठवले जाते.

मात्र दिवसाच्या उजेडातील नंबरप्लेट ही आमच्या रस्त्यांची परीक्षाच नव्हे. ऊस सुरू झाला की निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणीकडचे रस्ते रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो, आणि समोरून येणाऱ्याचा प्रखर लाइट डोळ्यांत शिरल्यावर पुढची ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पावसाळ्यात चोर्ला घाटात धुक्याची तीच कथा. फॉर्ममध्ये रातांधळेपणाचा एक प्रश्न आहे, पण तो तोंडी. या केंद्रातील डोळ्यांचे डॉक्टर समोरच्या लाइटने किती वेळ दिसेनासे होते, संध्याकाळनंतर पायरी चुकते का, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला, असे विचारतात आणि बाजूचे किती दिसते हे बोटे हलवून पाहतात. रात्रीच्या प्रकाशात दृष्टी मोजण्याचे यंत्र मात्र येथे नाही. आमच्या भागापुरते बोलायचे, तर ते असायला हवे.

रक्तदाब पाच मिनिटे शांत बसवून दोनदा मोजतात. ऐकू येते का हे पाठीमागून कुजबुजून पाहतात, आणि ते मला अपुरे वाटते, कारण फाउंड्रीच्या आवाजात काही वर्षे काढून ड्रायव्हिंगकडे वळलेली मुले आमच्याकडे येतात. हातपाय, सांधे, रक्तगट हे सर्व नेहमीप्रमाणे.

झोपेबद्दल एक वेगळा कागद भरून घेतला जातो. मोठ्याने घोरतोस का, झोपेत श्वास अडखळतो असे घरच्यांनी कधी सांगितले का, दुपारी बसल्याबसल्या डुलकी लागते का, असे प्रश्न त्यावर आहेत. मानेचा घेरही टेपने मोजतात. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार, ज्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, तो जाड मानेच्या आणि पोट सुटलेल्या माणसांत जास्त आढळतो. रात्रभर झोपूनही असा माणूस दिवसा पेंगतो. परवान्याचा कोणताही फॉर्म हे थेट विचारत नाही. हा कागद भरताना एका मुलाने डॉक्टरांनाच उलट विचारले की झोपायला वेळ मिळाला तर घोरणार ना. ते उत्तर माझ्यासारख्यांसाठी होते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ ने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, आणि ती पाळायची तर आधी आम्ही मालकांनी पुण्याची खेप रात्रीत करून सकाळी परत निघायला सांगणे बंद केले पाहिजे.

आता उणिवा. डोळ्यांचे डॉक्टर फक्त दुपारनंतर येतात आणि रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावे लागते, त्यामुळे पूर्ण दिवस मोडतो. खानापूरच्या आतल्या गावांतून पहिल्या बसने आलेल्या मुलाला मधले तास ताटकळत काढावे लागतात आणि बसायला धड बाकही नाहीत. मराठी प्रश्नावलीची झेरॉक्स इतकी फिकट झाली आहे की ती वाचता येणे हीच दृष्टीची परीक्षा ठरावी. स्वागतकक्षातील माणसे कन्नड आणि इंग्रजीत बोलतात. विनंती केली की मराठीत बोलतात, पण गावाकडचा पोरगा विनंती करत नाही, नुसता उभा राहतो. एजंटाच्या दरापेक्षा खर्च बराच जास्त आहे, आणि जो मुलगा स्वतःच्या पैशाने लायसन काढतो, त्याला तो परवडणार नाही. केंद्राने नवख्यांसाठी वेगळा, कमी दर ठेवावा असे मी सुचवले आहे. अजून तसे झालेले नाही.

सर्वांत मोठी उणीव फेरतपासणीची आहे. अमेरिकेत ट्रकचालकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त २४ महिने चालते, रक्तदाब वाढलेला असेल तर त्याहून कमी, आणि प्रत्येक वेळी औषधे, घोरणे, जुने आजार यांची लांब यादी नव्याने भरावी लागते. आपल्याकडे मुदत पाच वर्षांची असल्यामुळे मधल्या काळात लागलेली साखर किंवा चढलेला चष्म्याचा नंबर कोणाच्या नोंदीत येत नाही. हे केंद्र एकदा तपासून मोकळे होते; वर्षाने बोलावण्याची काहीही व्यवस्था त्यांच्याकडे नाही. आम्ही आमच्यापुरती दर दसऱ्याच्या सुमारास, ऊस सुरू होण्याआधी, सर्व ड्रायव्हरांची डोळे, साखर आणि रक्तदाब यांची तपासणी ठरवली आहे, आणि त्याचा दर केंद्राने निम्मा लावला आहे.

जाणाऱ्यांनी जुना चष्मा, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि पूर्वी दवाखान्यात दाखल झाला असाल तर डिस्चार्जचा कागद सोबत न्यावा. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्यांनी डोळ्यांचे डॉक्टर त्या दिवशी आहेत का, हे आधी फोन करून विचारावे, नाहीतर दुसरी फेरी ठरलेली. फॉर्म १ कोरा न्यावा. एजंटाने आधीच भरून दिलेला असेल, तर येथील डॉक्टर तो बाजूला ठेवतात आणि नवा काढायला लावतात.