परदेशातून दत्तक घ्यायची वाट बघणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन प्रार्थना ग्रुप: पाचपैकी साडेतीन स्टार

परदेशातून मूल दत्तक घ्यायला फाइल लावून बसलेल्या ख्रिस्ती जोडप्यांसाठी एक दत्तक संस्था ऑनलाइन सपोर्ट चालवते, त्याचा हा रिव्ह्यू. संस्थेचं नाव घेत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि आमची फाइल अजून त्यांच्याकडेच आहे, समजून घ्या. पॅकेजमध्ये तीन गोष्टी येतात. दर आठवड्याला मेलवर एक मनन, म्हणजे बायबलच्या वचनावरचा छोटा विचार, महिन्यातून दोनदा झूमवर प्रार्थना, आणि एक प्रार्थना-जोडीदार, म्हणजे आपल्यासारखीच वाट बघणारी पण आपल्या थोडी पुढे गेलेली कुणीतरी. मनन टाकाऊ, झूम भारी, जोडीदार नशिबावर. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पोटात बाळ असलं की निदान डॉक्टर तारीख देतो, इथे तारीखच नसते. होम स्टडी होते, सोशल वर्कर घरी येऊन आपल्या लग्नापासून ते आपण रागावल्यावर काय करतो इथपर्यंत सगळं विचारून जाते, मग मेडिकल, पोलिस क्लिअरन्स, बोटांचे ठसे, नोटरी, अपोस्टील (कागद परदेशात चालावेत म्हणून लागणारा सरकारी शिक्का), भाषांतर, सगळा गठ्ठा त्या देशात जातो आणि मग शांतता. मधेच कळतं की मेडिकलची मुदत संपली, परत करा. ते केलं तोवर पोलिस क्लिअरन्स शिळं झालेलं असतं. मूल कुठलं, केवढं, जन्मलंय तरी का, काही माहीत नाही, आणि दर रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणीतरी हात धरून विचारतं, काही कळलं का, प्रभूची वेळ असते हो. तिसऱ्या वर्षी या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते कुणी शिकवत नाही. म्हणून हा ग्रुप लावला.

आता मनन. भाषा गोड, चित्रं गोड, मागे पियानो वाजणारा छोटा व्हिडिओ. पण सगळ्याचा सूर एकच की विश्वास धर, मूल येणारच, देवाने तुझं मूल आधीच निवडून ठेवलंय. बायबलमधलं यिर्मया २९:११ तर इतक्या वेळा आलं की मी मोजणं सोडून दिलं, तेच ते, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, भविष्य आणि आशा देणारे. अहो पण त्याच्याच वरची ओळ वाचा ना, १० वी. तिथे परमेश्वर सांगतोय की बाबेलची सत्तर वर्षं भरली की मग मी येईन. सत्तर! ते पत्र बाबेलात कैद करून नेलेल्या यहुद्यांना लिहिलं होतं, त्यातले बहुतेक जण परत जाण्याआधीच मेले असणार. आणि त्याच्या वर ५ ते ७ व्या ओळींत काय सांगितलंय, तर घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्या शहराचं भलं मागा. म्हणजे वाट बघताना जगणं थांबवू नका. आमच्यासारख्यांना खरं तर ती ओळ पाहिजे होती, आणि मननात ती एकदाही आली नाही. मी त्यांना कळवलं पण. उत्तरात हसरा इमोजी आणि आभार.

हन्नाचं पण तसंच केलंय. १ शमुवेल पहिला अध्याय, तिला मूल होत नव्हतं, ती रडली, मागितलं, मिळालं, तसं तुम्हालाही मिळेल, संपला विषय. पुढचं कुणी वाचतच नाही. हन्नाने मुलाचं दूध तुटल्यावर त्याला नेऊन मंदिरातल्या एली याजकाच्या हवाली केलं आणि घरी आली, आणि दुसऱ्या अध्यायात लिहिलंय की दर वर्षी ती त्याच्यासाठी एक छोटा झगा करून न्यायची. दर वर्षी अंदाज बांधत असेल ना की पोरगं आता केवढं झालं असेल, बाही किती लांब ठेवू. आपण दत्तक घेणाऱ्या बायका स्वतःला हन्नाच्या जागी बसवतो, पण मला तर ती त्या दुसऱ्या आईच्या जास्त जवळची वाटते, जिने मूल सोडलंय. मोशेची आई योखबेद पण तशीच. टोपलीत घालून नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवलं, मग फारोच्या मुलीकडून पगार घेऊन स्वतःच्याच मुलाला पाजलं, आणि मोठा झाल्यावर परत त्या राजकन्येच्याच हातात दिलं. एवढ्या सगळ्या मननांत त्या आयांवर एक ओळ नाही. मी एक स्टार कापला तो इथे.

झूमचं मात्र वेगळं आहे आणि त्याचं श्रेय ती मीटिंग घेणाऱ्या सिस्टरला. तिचे दोन नियम आहेत. पहिला, कुणी रडत बोलत असेल तर मधे वचन घालायचं नाही आणि निदान हे तरी बरं झालं असली वाक्यं तर अजिबात नाही. दुसरा नियम मला फार आवडला, कुणाला रेफरल आला, म्हणजे मुलाची फाइल आली, तर ती बातमी शेवटच्या दहा मिनिटांत सांगायची आणि त्याआधी सिस्टर स्पष्ट म्हणते की आता आनंदाच्या बातम्या आहेत, ज्यांना आज ऐकवणार नाही त्यांनी खुशाल जा, कुणी काही म्हणणार नाही. पहिल्यांदा मी निघून गेले होते. पुढच्या वेळी कुणी विषयसुद्धा काढला नाही. मंडळीत असं कधी होतं का सांगा, तिथे साक्षी चालू असताना उठलात तर आठवडाभर चर्चा.

एकदा तिने स्तोत्र ८८ वाचलं. स्तोत्रांमध्ये रडगाणी खूप आहेत, १३ वं घ्या, कुठवर विसरणार देवा असं चार वेळा कुठवर कुठवर करतो पण शेवटी गातो तरी. ८८ वं गातच नाही, अंधारातच संपतं. ते वाचून ती थांबली. सगळ्यांचे माइक म्यूट, स्क्रीनवर नुसते चौकोन, कुणाचा तरी पंखा फिरताना दिसतोय, आणि कुणीच आमेन म्हणेना. मग एक ब्रदर माइक चालू करून म्हणाले, हे पण प्रार्थनेतच धरतात का. सिस्टर म्हणाली, पवित्र शास्त्रात छापलंय म्हणजे धरतात. बास एवढंच. आमच्या घरी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघांनी सोबत प्रार्थना केली, आणि ती भांडणासारखीच होती, पण केली.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये चीनने परदेशात मुलं दत्तक द्यायचं बंद केल्याचं जाहीर केलं, फक्त जवळचे रक्ताचे नातेवाईक आणि सावत्र मुलं एवढी सूट. ग्रुपमध्ये एक जोडपं होतं ज्यांना कोविडच्या आधीच मॅच मिळाली होती, मुलाचा फोटो होता, नाव माहीत होतं, २०२० ला प्रवास थांबला आणि मग हे. त्या आठवड्यात संस्थेकडून सगळ्यांना छापील मेल आला की एक दार बंद झालं तर प्रभू दुसरं उघडतो. संतापच आला. त्या मुलासाठी कुठलं दुसरं दार, ते तर वाढतंय तिकडे. झूमवर सिस्टरने तो मेल बाजूला ठेवला आणि फक्त त्या मुलाचं नाव घेऊन प्रार्थना केली, ते जोडपं काही बोललं नाही, कॅमेरा बंद करून शेवटपर्यंत बसून राहिलं.

आणि हे एका देशाचं नाही. रशियाने २०१३ पासून अमेरिकनांना बंद केलं, इथिओपियाने २०१८ ला परदेशी लोकांनाच बंद केलं, ग्वाटेमालाचा रस्ता २००८ पासून बंद, आणि बंद होण्यामागे बऱ्याच ठिकाणी खरी कारणं होती, खोटे कागद, पैसे घेऊन मुलं गोळा करणं, आईला न कळवता सही घेणं. दक्षिण कोरियात तर सरकारी सत्यशोधन आयोगानेच २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्या परदेशी दत्तकात मुलांच्या हक्कांचं उल्लंघन झालं, मुलांची ओळख बदलली गेली. अमेरिकेत २००४ साली बाहेरून जवळपास २३ हजार मुलं दत्तक आली होती, २०२३ मध्ये १३०० च्या आत. हे आकडे मनन पाठवणारे कधी सांगणार नाहीत कारण मग मूल येणारच हे वाक्य टिकत नाही.

पण झूमवर सांगितलं गेलं. एका सेशनला दत्तक कायद्यातली एक बाई बोलवली होती, तिने परदेशी दत्तकाबद्दलचा १९९३ चा आंतरराष्ट्रीय हेग करार सोप्या भाषेत समजावला. मुद्दा असा की मुलाला आधी त्याच्या जन्माच्या घरात ठेवायचा प्रयत्न, ते नाही जमलं तर त्याच्याच देशात कुटुंब शोधायचं, आणि तेही नाही जमलं तरच परदेश. म्हणजे आपण रांगेत शेवटी, आणि शेवटीच असायला पाहिजे. ऐकून पोटात गोळा आला खरा, कारण याचा अर्थ सरळ आहे की आपली वाट लांबली याच्यामागे कुठेतरी एखाद्या पोराला त्याची मावशी सापडली असेल. मग प्रार्थना काय करायची? फाइल लवकर हलू दे म्हणायचं की त्या मुलाचं घर सापडू दे म्हणायचं? दोन्ही एका श्वासात मागता येत नाहीत, प्रामाणिकपणे तरी नाही.

या प्रश्नावर ग्रुपमध्ये खूप चाललं आणि मला वाटतं माझा विश्वास जो काही टिकलाय तो इथे टिकलाय. आम्ही आता मागताना आधी त्या आईसाठी मागतो, तिला मदत मिळू दे, मूल तिच्याकडेच राहू दे. मग मुलासाठी. मग सगळ्यात शेवटी आमच्यासाठी. सुरुवातीला नुसतं तोंडाने म्हणत होतो, नवरा तर म्हणायचा की आपण आपल्याच विरुद्ध प्रार्थना करतोय. पण ज्या देवाकडे मूल मिळालं तरच जायचं त्याच्याशी आपला फक्त व्यवहार आहे, आणि व्यवहारात उशीर झाला की माणूस चिडणारच. याकोब १:२७ पण दत्तकवाले कायम अर्धंच वाचतात, तिथे अनाथ आणि विधवा दोघांचा समाचार घ्या असं आहे, आई आणि मूल एकाच वाक्यात. अनाथाश्रमातल्या कितीतरी मुलांची आई किंवा वडील जिवंत असतात, गरिबीमुळे ठेवलेलं असतं.

अजून एक. रोमकरांस पत्र ८:२३ मध्ये पौल म्हणतो की आपण दत्तक घेतले जाण्याची वाट बघत आतल्या आत कण्हतोय. मी हे किती वेळा वाचलं असेल पण ध्यानात आलं नव्हतं की तिथे वाट बघणारे पालक नाहीतच, वाट बघणारं मूल आहे आणि ते मूल आपण आहोत. सिस्टरने हे एका वाक्यात सांगितलं आणि पुढे गेली, मी मात्र उरलेली मीटिंग ऐकलीच नाही.

एका मीटिंगला लहानपणी दुसऱ्या देशातून दत्तक गेलेला, आता मोठा झालेला माणूस आला होता. म्हणाला, आईबाबांवर प्रेम आहे, पण मंडळीत मला उभं करून हा बघा देवाने वाचवलेला मुलगा म्हणायचे तेव्हा जमिनीत जावंसं वाटायचं, आणि मी कधी दुःखी असलो तर कृतघ्न ठरायचो. दोन-तीन जोडप्यांना हे झोंबलं, पुढच्या वेळी आली नाहीत. असे सेशन वाढवा असं मी फीडबॅकमध्ये लिहिलंय.

अर्धा स्टार कापला तो फोटोंसाठी. प्रार्थनेच्या कार्डावर वाट बघणाऱ्या मुलांचे चेहरे, खाली वय आणि आजार. त्या पोरांना कुणी विचारलं होतं का? उद्या मोठी होऊन त्यांनी ते कार्ड बघितलं तर? आम्ही बऱ्याच जणांनी लावून धरल्यावर चेहरे काढले, आता नुसतं पहिलं अक्षर असतं, पण काढायला फार वेळ लावला. आणि मधे मधे विश्वासाचं पाऊल म्हणून कर्ज काढायला सुचवणारे मेल येतात ते तर बंदच करा. कर्ज काढायचं तर नवराबायकोने हिशेब करून काढावं, त्याला विश्वासाची परीक्षा कशाला बनवायची.

जोडीदाराचं म्हणाल तर मला मिळालेली ताई उत्तम. मोठे व्हॉइस नोट पाठवत नाही, सल्ला देत नाही, तिचा मेसेज असतो आज उपास धरलाय तुमच्यासाठी, उत्तर नको. माझ्या ओळखीतल्या एकीला मात्र अशी जोडीदार मिळाली जी दर वेळी विचारायची की काही पाप कबूल करायचं राहिलंय का. बदलून मिळते, मेल करावा लागतो, लाजू नका.

कुणी लावू नये, तर ज्यांनी नुकतीच वंध्यत्वाची ट्रीटमेंट सोडली आहे आणि ते दुःख अजून ओलं आहे त्यांनी थोडं थांबा, इथे मुलांचा विषय सतत असतो. ज्यांना फाइल कुठवर आली ही माहिती हवी त्यांनीही नको, ती इथे मिळत नाही, तुमच्या सोशल वर्करलाच विचारा. नवऱ्याला जबरदस्ती बसवणार असाल तर तेही नको, आमच्याकडे तो सहा-सात मीटिंगनंतर स्वतःहून येऊन बाजूला बसला.

तांत्रिक बाजू ठीक, रेकॉर्डिंग करत नाहीत ते फार चांगलं, वेळ पाळतात, वेगवेगळ्या टाइमझोनची पंचाईत होते तेवढी सोडा.

आम्ही रिन्यू केलंय. मननाचे मेल अनसबस्क्राइब केले, सेटिंगमध्ये सगळ्यात खाली बटण आहे, झूम त्याने बंद होत नाही.